फेसलेल्या मोहरीचा फ्लास्क

४ जानेवारी १९६०, सोमवार

आज सरांनी सगळ्यांसमोर माझे दोन फ्लास्क खिडकीच्या उजेडाकडे धरले. दोन्हींत गाजराचा रस, एकात मोहरी घातलेली, दुसऱ्यात नाही. दोन्हींवर सारखीच बुरशी. जाड, पांढरी, मऊ. सर म्हणाले, "मिस तळपदे, मोहरीने काहीही केलेलं नाही." कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

सरांचं म्हणणं, विषय बदला. सरबताच्या एका कंपनीकडून बेंझोएटचं काम आलं आहे. ते रसायन किती घातलं की सरबत किती टिकतं, एवढंच पाहायचं. एम.एस्सी. नक्की, आणि पुढे त्याच कंपनीत नोकरीसुद्धा. मोहरीला मुदत मार्चअखेर.

मी म्हटलं, आमच्या घरचं लोणचं मोहरीवर टिकतं. सर म्हणाले, "तुमच्या घरच्या लोणच्यात मीठ असतं, लिंबू असतं, तेल असतं. मोहरीच टिकवते कशावरून?"

प्रश्न बरोबर आहे. राग त्याचाच येतो आहे.

५ जाने.

शांताने डबा पुढे सरकवला. शांता कांबळे, माझ्या समोरचं बाक, विषय दूध. आमच्या प्रयोगशाळेजवळच परळात चाळीत राहते, वडील गिरणीत. तिच्या घरात मॅट्रिक तीच पहिली आणि बी.एस्सी. तीच पहिली, त्यामुळे सरांना भीत नाही. जेवण झाल्यावर म्हणाली, "बेंझोएट घे ना ग. सोपं आहे." मी म्हटलं, सोपं आहे म्हणूनच नको. "मग रडतेस कशाला?" रडत नव्हते. पण रडल्यासारखी दिसत असणार.

गिरगावात घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा गोदीतल्या कारकुनीतून निवृत्त, आणि छप्पन साली सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आल्यापासून आमचा दिवाणखाना संयुक्त महाराष्ट्र समितीचाच. कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, "मोहरीवर एम.एस्सी.? मग जिऱ्यावर डॉक्टरेट करशील." समितीची दोन माणसं बसली होती, ती हसली. मी चहाचे कप न उचलता आत आले. आईने उचलले.

१० जाने., रविवार

गाजर-फ्लॉवर-मटाराचं लोणचं. मोहरी फेसायचं काम माझं, कॉलेजात जायला लागल्यापासून नव्हे, फ्रॉकात होते तेव्हापासून. कच्ची मोहरी कुटायची, थोडं थोडं गार पाणी घालत पाट्यावर फेसायची, ती पांढरट होऊन नाकात चढेपर्यंत. आमच्या घरी लोणचं बरणीत जायच्या आधी ती वाटी बाबांच्या नाकाखाली धरतात. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं तर मोहरी झाली, नाही तर पुन्हा पाट्यावर. आजोबांच्या वेळेपासूनची रीत.

वाटी बाहेर नेली तेव्हा समितीचे देसाई आलेले. बाबांनी वास घेतला आणि किती वेळ डोळेच पुसत बसले. देसाई घाबरून म्हणाले, "काय झालं तळपदे, दिल्लीहून काही वाईट बातमी?" बाबा बोलू शकेनात. मी म्हटलं, लोणचं आहे. आठवडाभरात आज मी पहिल्यांदा हसले.

११ जाने.



सकाळी जुने फ्लास्क धुवायला घेतले. मोहरीच्या फ्लास्कचा बूच काढला आणि सवयीने नाक लावलं. काही नाही. म्हणजे वास होता, ओल्या पेंढ्यासारखा. पण झोंबणं नाही. कालची वाटी अजून नाकात होती म्हणून कळलं.

तशीच उभी राहिले, नळ चालू. मी दोन महिने काय करत होते? मोहरी कुटत होते, पाण्यात घालत होते आणि लगेच ऑटोक्लेव्हमध्ये, कोंडलेल्या वाफेत. कारण पहिल्या दिवसापासून आम्हाला एकच शिकवलं आहे, फ्लास्कमध्ये जाईल ते आधी निर्जंतुक करा. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की मग तो होतो, आणि तो करणारं जे दाण्यात असतं ते वाफेत मरतं. हे मला माहीत आहे. परीक्षेत लिहिलं आहे, मार्क मिळवले आहेत. आईच्या स्वयंपाकघरात मी ही चूक जन्मात केली नसती. पांढरा कोट चढवला आणि केली.

शां.ला सांगितलं. ती बाकावर डोकं टेकून हसली. म्हणाली, "मेलेला पहिलवान आखाड्यात उतरवलास ग सुमन. वर विचारतेस हरला का म्हणून."

१३ जाने.

सरांपुढे नवी मांडणी ठेवली. तीन फ्लास्क. पहिल्यात नुसता गाजराचा रस. दुसऱ्यात वाफवलेली मोहरी, म्हणजे माझी चूक, जशीच्या तशी. तिसऱ्यात कच्ची, गार पाण्यात फेसलेली. तिन्हींत जुन्या लोणच्यावरची बुरशी सारखी पेरायची. मीठ, लिंबू, तेल कशातच नाही. मोहरीने टिकवलं तर ते तिसऱ्यातच दिसेल, आणि तिच्या तिखटपणानेच टिकवलं हे दुसऱ्यावरून कळेल.

सर उडालेच. "कच्ची मोहरी? बाजारातली? तिच्या अंगावर काय काय असतं माहीत आहे? जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत?"

मी म्हटलं, सर, असू दे. स्वतःच्या अंगावरचे आवरता आले नाहीत तर ती लोणच्यातले काय आवरणार?

हे मी मोठ्याने बोलले. सर बघत राहिले. मग म्हणाले, "भावनेने बुरशी मरत नाही, मिस तळपदे. करा."

बोलायला नको होतं, असं जिना उतरताना वाटलं. पण बोलले ते बरोबर बोलले.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ सरांनाही दिला. त्यांनी खाल्ला. 

२९ जाने.

तिसरा स्वच्छ.

पहिल्यावर बुरशी, दुसऱ्यावर बुरशी, तिसऱ्यात गाजराचा रस जसा होता तसा, तळाशी मोहरीचा पिवळसर थर, वर काही नाही. बूच काढला की अजून नाकाला झोंबतं.

मी आज परळहून दादरपर्यंत उगाच चालत गेले. रस्ता माझ्या मालकीचा असल्यासारखी. एका दुकानात मोहरीचं पोतं उघडं होतं, त्यातली मूठभर हातात घेऊन परत सोडली. दुकानदार म्हणाला, "बाई, घ्यायची आहे का?" म्हटलं, नको, नुसतं बघते. त्याला काय सांगणार. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे टिकते हे तुला आता कळलं?" आईला तो शोध वाटलाच नाही. तिचंही खरं आहे. पण का टिकते हे आज गिरगावात फक्त मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१ फेब्रु.

सरांनी फ्लास्क पाहिले. किती तरी वेळ पाहिले. मग म्हणाले, "एकदा झालं म्हणजे झालं असं नाही. मी स्वतः करून बघेन." शास्त्रात हे रास्तच आहे. तरी चेहरा पडला असणार, कारण शां. बाहेर येऊन म्हणाली, "चांगलं लक्षण आहे. खोटं वाटलं असतं तर हात लावला असता का त्यांनी?"

१९ फेब्रु.

सरांच्या तिसऱ्या फ्लास्कवर बुरशी. माझ्या पहिल्यावर होती तेवढीच.

सरांनी बोलावलं. रागावले नव्हते, थोडे दुःखीच होते. सरांना मी आवडत नाही असं नाही, एवढं आज कळलं. "मी जपून केलं होतं," म्हणाले. मी विचारलं, कसं केलं? सांगितलं. कच्ची मोहरी, चिनी मातीचा खल, सगळं माझ्यासारखं. पाणी मात्र उकळून घेतलं, निदान पाणी तरी निर्जंतुक असावं म्हणून.

"गार होऊ दिलं होतं, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "खलाला हात लागत नव्हता इतकं गरम होतं."

 मला हसायचं नव्हतं आणि हसले नाही. तीच चूक. मी वाफेने केली, सरांनी पाण्याने. जंतूंची भीती घालून आम्हाला इतकं तयार केलेलं आहे की मोहरीला आधी चटका दिल्याशिवाय आमचा हातच पुढे जात नाही.

"पुन्हा करतो," सर म्हणाले. मी म्हटलं, मी समोर उभी राहू का? म्हणाले, "राहा." खल सरांनी धरला, पाणी मी ओतलं. गार. सरांच्या नाकाचा शेंडा लाल झाला तसं मी म्हटलं, आता झाली.

१६ मार्च

सरांचा दुसऱ्या वेळचा फ्लास्क स्वच्छ. दुपारी सर दुसऱ्या विभागातल्या दोन डॉक्टरांना तो दाखवायला घेऊन आले. "मिस तळपदेंचं काम" म्हणाले. शां.ने बाकाखालून मला लाथ मारली.

२८ मार्च, पाडवा

गुढी. कडुलिंबाचं पान चावताना याच्यावरही कुणी तरी काम करायला हवं असं मनात आलं. बाबा म्हणाले, पुढच्या पाडव्याला आपल्या राज्यात गुढी. आता ठरलंच आहे, १ मे. बाबा दिवसातून तीनदा तरी हे सांगतात आणि दर वेळी नव्याने.

३१ मार्च

मुदत संपली. सरांनी शेवटची अट घातली, आणि ती मला मान्य आहे.

तीन फ्लास्क तसेच, पण गाजराचा रस पुरे, म्हणाले. लोकांना टिकवायचा असतो कैरीचा गर, तो करा. मोहरी आधी नुसत्या पाण्यात फेसून, वास चढू देऊन मगच गरात, कारण कैरीच्या आंबटपणातही मोहरी जागी होत नाही. (हे मी सांगितलं. सरांनी लिहून घेतलं.) बुरशी पेरायची आणि महिनाभर उन्हाळ्याच्या उकाड्यात उघड्या बाकावर ठेवायचं. रोज नोंद, रविवार धरून. "एक दिवस चुकला तर मी धरणार नाही. मधल्या काळात काय झालं हे कुणाला कळणार?" २ मेला सर स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली तपासणार. स्वच्छ असेल तर विषय मोहरीच, आणि प्रबंधावर ते सही करणार. नसेल तर बेंझोएट, वाद नाही.

बरं म्हटलं. 

१४ एप्रिल

शां.च्या चाळीत जयंती. फ्लास्कची नोंद करून तिच्याबरोबर गेले. सगळी चाळ निळ्या पताकांनी भरलेली. तिच्या आईने शेजारणींना माझी ओळख करून दिली, "ही मोहरीवाली." एक बाई म्हणाल्या, "मोहरी विकते होय?" शां. म्हणाली, "नाय ग मावशी, मोहरी काय काम करते ते शोधून काढते. सरकार छापील तिचं." सरकार काही छापत नाही. पण शां.ने असं म्हटलं की ते होईलसं वाटतं. तिचं दूधही चांगलं चाललंय. ती स्वतः सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

गर स्वच्छ. उकाडा भयंकर. पहिल्या फ्लास्कवर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच साय आली होती. दुसराही गेला.

२३ एप्रिल

गल्लीत मांडव घालताहेत. १ मेला सकाळी झेंडा बाबांनी चढवायचा असं ठरलं, कारण आमच्या गल्लीतून तुरुंगात जाऊन आलेल्यांत तेच सर्वांत वयस्कर. बाबांनी ऐकून नुसतं "बरं" म्हटलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई सांगत होती, काळा कोट धोब्याकडे दिला, दोनदा निरोप पाठवला.

गर स्वच्छ.

२९ एप्रिल

नोंदीला एकटी जाते यावरून आईशी वाजलं. १ मे रविवार, सुटी, रस्त्यांवर गर्दी, बसचा भरवसा नाही, शां. तिच्या चाळीच्या मिरवणुकीत. "एक दिवस नाही गेलीस तर मोहरी काय रडणार आहे?" मी सरांची अट सांगितली. आई म्हणाली, "सरांना घरी पोरीबाळी नाहीत वाटतं." बाबा ऐकत होते, पण मध्ये पडले नाहीत. मी म्हटलं, जाणारच.

३० एप्रिल

गर स्वच्छ. गिरगावभर दिवे. बाबांचा कोट आला.

१ मे १९६०, रविवार

सगळं लिहून ठेवते आहे, कारण उद्या काहीही होवो.

सकाळी पिशवी घेऊन निघाले तर जिन्यात बाबा. कोट, टोपी, काठी. मला वाटलं मांडवात निघाले. म्हणाले, "चल." मी म्हटलं, बाबा, झेंडा? म्हणाले, "गल्लीतल्या मास्तरांना चढवायला सांगितलंय. दोर ओढायला गल्लीभर माणसं आहेत. तुझ्याबरोबर कोण आहे?" आई वरून बघत होती. काही बोलली नाही, म्हणजे रात्रीच ठरलेलं असणार.

मांडवावरून जाताना बाबांनी मान वळवली नाही. खोताच्या वाडीतली बँडवाली मंडळी वाजवत येत होती, तेवढ्यापुरते थांबले आणि पुढे निघाले.

भायखळ्यापर्यंत बस मिळाली, पुढे पायी. लालबागला रस्ता दिसत नव्हता, नुसती माणसं आणि गुलाल. लेझीम, ढोल, गॅलरी-गॅलरीतून बायका. "संयुक्त महाराष्ट्र" अशी हाक आली की अख्खा रस्ता "झालाच" म्हणायचा. चार वर्षं "झालाच पाहिजे" म्हणत होते, आज "पाहिजे" गाळलं. बाबा आधी नुसते चालत होते. मग तेही म्हणू लागले, हळू आवाजात. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, गर्दीत चुकू नये म्हणून.

परळला रखवालदाराने दार उघडलं. प्रयोगशाळेत बाबा पहिल्यांदाच. टोपी काढून स्टुलावर बसले, कुठे हात लागू नये तसे. मी तीन फ्लास्क खिडकीशी आणले. पहिला गेलेला. दुसरा गेलेला. तिसरा...

तिसऱ्याच्या मानेशी, काचेला आतून, पांढरा ठिपका. खसखशीएवढा. काल नव्हता, किंवा काल दिसला नसेल. मोहरीचं टरफल असू शकतं, हलवताना वर चिकटलेलं. बुरशी असू शकते. बूच काढायचा नाही, ते काम सरांचं. नुसत्या डोळ्याला कळत नाही. भिंग लावलं, तरी नाही.

 बाबांनी विचारलं, "काय ग?" ठिपका दाखवला, म्हटलं, ही बुरशी असेल तर संपलं. बाबांनी फ्लास्कजवळ चष्मा नेला. "गर तर स्वच्छ दिसतो." म्हटलं, हो. "मग हा उद्यापर्यंत कुणाच्या लक्षात तरी येईल का?" म्हटलं, कदाचित नाही. फ्लास्क थोडा तिरपा केला तर गराने ठिपका झाकला जाईल, हे मला आधीच दिसलं होतं. बाबांना दिसलं की नाही, माहीत नाही.

फ्लास्क सरळ ठेवला. लिहिलं: गर स्वच्छ. मानेशी आत पांढरा ठिपका एक, स्वरूप अनिश्चित. तारीख, सही.

बाबा बाजूला उभे राहून वाचत होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासलेला माणूस. त्यांनी स्टुलावरची टोपी उचलली, घातली, नीट केली.

परतताना लालबागच्या नाक्यावर देसाई भेटले, गुलालाने ओळखू येत नव्हते. बाबांना मिठीच मारली. म्हणाले, "तळपदे, अहो तुम्ही इथे कसे? आज झेंडा तुमच्या हातचा ना?"

बाबा म्हणाले, "परळला काम होतं. हिच्या प्रयोगशाळेत." मग ढोलाच्या वर ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने, "माझी मुलगी. अन्न टिकवण्यावर संशोधन करते. मोहरीवर."

देसाईंनी माझ्याही कपाळाला गुलाल लावला.

उद्या दहाला सर बूच काढतील.